पहिली विज्ञान टाय-इन कादंबरी: नुसतं नाव नको, प्रत सांगा

रामबाग_रॅक (इंदूर)

'पहिली टाय-इन (म्हणजे सिनेमा किंवा मालिकेच्या आधाराने लिहिलेलं पुस्तक) कोणती वाचली' हा विषय अधूनमधून निघतोच, आणि उत्तरंही ठरलेली असतात: स्टार वॉर्स, स्टार ट्रेक, एलियन, ई.टी. मग गाडी आठवणींकडे वळते आणि माहिती हाती काहीच लागत नाही. म्हणून या धाग्याला एक अट. कुठे बसून वाचली, कोणी दिली, घरात कोण ओरडलं, हे नको. पुस्तक कोणतं, कोणत्या प्रकाशकाचं, कितवं मुद्रण आणि ते कशावरून ठरवलं, एवढंच लिहा. प्रत घरात असेल तर मुखपृष्ठ राहू द्या, आधी कॉपीराइटचं पान उघडा.

सुरुवात मी करतो. खजुरी बाजारात किंवा रद्दीच्या ढिगात निघणारी १९७०-८०च्या दशकातली इंग्रजी टाय-इन पुस्तकं बहुतेक ब्रिटिश छपाईची असतात. इंग्रजी पुस्तकांच्या विक्रीहक्कांची जी वाटणी होती तीत भारत ब्रिटिश प्रकाशकांच्या वाट्याला यायचा. त्यामुळे नेटवर 'पहिली आवृत्ती' म्हणून दिसणारं मुखपृष्ठ आपल्याला ओळखीचं वाटत नाही. स्टार वॉर्स तिकडे, म्हणजे अमेरिकेत, बॅलंटाइनची, इकडे स्फिअरची. एम्पायर स्ट्राइक्स बॅक (डोनाल्ड ग्लट, १९८०) हीसुद्धा स्फिअर. रिटर्न ऑफ द जेडाय (जेम्स कान, १९८३) मात्र फ्युचुरा, म्हणून तिन्ही शेजारी ठेवली की तिसऱ्याचा कणा वेगळा दिसतो आणि लोक ती नकली समजतात. नकली नाही. एलियनही इकडे फ्युचुराच. जेम्स ब्लिशचं स्टार ट्रेक तिकडे बँटम, इकडे कॉर्गी.

मुखपृष्ठ फाटलं असेल तरी आत 'अमुक अटींवर विकलं जात आहे, दुसऱ्या वेष्टनात उसनं देऊ नये' अशा अर्थाची लांबलचक सूचना असेल तर प्रत ब्रिटिश. मागच्या बाजूला पौंडाशेजारी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या किमती असतील तर प्रश्नच मिटला.

सर्किट_सुदामा

ब्लिशचं उत्तर बऱ्याच जणांचं असणार, म्हणून आधी तेच घेतो. पहिला खंड बँटमने जानेवारी १९६७ मध्ये काढला, एकूण खंड बारा. ब्लिश १९७५ मध्ये गेले. बारावा त्यांच्या पत्नी जे. ए. लॉरेन्स यांनी पुरा केला आणि तो १९७७ मध्ये आला. यात कादंबरी नाही, एकेका भागाच्या लघुकथा आहेत. मूळ, म्हणजे मालिकेत नसलेली, प्रौढांसाठीची पहिली कादंबरी 'स्पॉक मस्ट डाय!' (१९७०), तीही ब्लिशचीच. तिच्याआधी १९६८ मध्ये मॅक रेनॉल्ड्सची 'मिशन टू होरेशियस' आली होती, पण ती मुलांसाठी, पुठ्ठ्याच्या बांधणीत.

बँटमची प्रत सापडली तर कॉपीराइटच्या पानावर मुद्रणांची यादी महिन्या-वर्षासकट असते. शेवटची ओळ ती आपली प्रत. वर मोठ्या अक्षरांत १९६७ आहे म्हणून कोणी 'पहिली आवृत्ती' म्हणत जास्त पैसे मागत असेल तर ही यादी त्याच्यापुढे धरा.

ॲनिमेटेड मालिकेवरची 'स्टार ट्रेक लॉग' नावाची दहा पुस्तकं वेगळी. लेखक ॲलन डीन फॉस्टर, १९७४ ते १९७८. पहिल्या सहांत प्रत्येकी तीन भाग, शेवटच्या चारांत प्रत्येकी एकच भाग फुगवलेला. 'तीन गोष्टी होत्या आणि एकमेकींत गुंफलेल्या होत्या' एवढंच आठवत असेल तर लॉग एक ते सहा यांपैकी एक.

१९७९ पासून पॉकेट बुक्स. क्रमांक एक म्हणजे पहिल्या सिनेमाची कादंबरी, लेखक जीन रॉडनबेरी; दोन म्हणजे व्होंडा मॅकइन्टायरची 'द एन्ट्रॉपी इफेक्ट' (१९८१). सुलू या पात्राचं 'हिकारू' हे नाव याच दुसऱ्या पुस्तकातून आलं आणि नंतर पडद्याने उचललं. सावधान: ब्रिटनमध्ये टायटनने हीच पुस्तकं स्वतःच्या क्रमाने छापली, त्यामुळे कण्यावरचा आकडा पॉकेटच्या यादीशी जुळत नाही. आकड्यावरून पुस्तक मागवू नका, नावावरून मागवा.

तिसरं_प्रूफ

'सिनेमात नसलेला प्रसंग मला आठवतो, मग मी चुकीचं पुस्तक वाचलं का?' असं कोणीतरी विचारणारच. नाही. बरोबर तेच वाचलं आहे.

सिनेमा लागेल त्या आठवड्यात पुस्तक रॅकवर हवं असतं. छपाई, बांधणी आणि वितरण यांना काही महिने लागतात. म्हणून लेखकाला चित्रीकरणाच्या आधीची किंवा चालू असतानाची पटकथा मिळते आणि संकलन पुरं व्हायच्या आत हस्तलिखित द्यावं लागतं. कात्रीत गेलेले प्रसंग मग पुस्तकात जिवंत राहतात. एलियन (१९७९) हे यातलं चोख उदाहरण. यानाचा कप्तान डॅलस कोषात गुंडाळलेला सापडतो तो प्रसंग फॉस्टरच्या पुस्तकात आहे. चित्रपटगृहात तो नव्हता, २००३ च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत परत आला. त्याच पुस्तकात प्राण्याचं वर्णन मोघम का आहे, तर फॉस्टरला त्याचं चित्र दाखवलंच नव्हतं. सगळं गुप्त. हातात पटकथा आणि समोर कोरा कागद, तरी पुस्तक अंगावर येतं. टाय-इनला 'हमाली लेखन' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते वाचून बघावं.

स्टार वॉर्समध्ये दोन खुणा. अखेरच्या हल्ल्यात ल्यूकची तुकडी पुस्तकात निळी आहे, सिनेमात लाल. चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर व्हायचं, त्यात निळ्या पट्ट्यांचं विमान हरवलं असतं, म्हणून रंग बदलला; पुस्तक तोवर पुढे गेलं होतं. दुसरी खूण, जॅबा आणि हान यांची गोदीतली भेट. १९७७ च्या सिनेमात ती नव्हती, पुस्तकात आहे, आणि जॅबाचं आडनाव तिथे एकाच 'टी'ने लिहिलेलं आहे.

लेखक म्हणून जॉर्ज लुकस यांचं नाव असलं तरी लिहिलंय फॉस्टर यांनीच. 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' (१९७८) हे त्यांच्या स्वतःच्या नावाने आलं. पहिला सिनेमा पडला तर स्वस्तात दुसरा काढता यावा म्हणून ते बेतलं होतं: धुक्यातला ग्रह, मोजकी पात्रं, आणि हान सोलो नाहीच, कारण ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा पुढचा करार झालेला नव्हता. 'हान नसलेली स्टार वॉर्स वाचली होती' म्हणणाऱ्याचं उत्तर बहुधा हेच.

निळी_पोलीसपेटी

माझ्या प्रांतात कोणी फिरकलंच नाही, म्हणून बीबीसीची मालिका डॉक्टर हू मी घेते.

पहिलं पुस्तक नोव्हेंबर १९६४ चं, डेव्हिड व्हिटेकर यांचं, फ्रेडरिक मुलर या प्रकाशकाचं, कापडी-पुठ्ठा बांधणीत. सगळी गोष्ट इयान चेस्टरटन 'मी' म्हणून सांगतो आणि सुरुवात धुक्यातल्या बार्न्स कॉमनवर होते. मालिकेत असं काही नाही. सुरुवातीला अपघात आणि धुकं आठवत असेल तर तेच.

पण इथल्या बहुतेकांनी ज्या प्रती पाहिल्या त्या टार्गेट या प्रकाशनाच्या. टार्गेटने मे १९७३ मध्ये जुन्या तीन पुस्तकांपासून सुरुवात केली (व्हिटेकरची दोन, बिल स्ट्रटन यांचं एक), मग नवीन लिहून घेतली. साठाहून जास्त एकट्या टेरन्स डिक्सची. बरीचशी १२८ पानांची, याचं कारण छपाईचं: ३२ पानांचे चार फर्मे (एकत्र छापून दुमडलेले ताव). गोष्ट सहा भागांची असो की चार, मावली पाहिजे त्यातच. म्हणून लांब गोष्टींची शेवटची प्रकरणं धावत सुटल्यासारखी वाटतात.

आता प्रत कधीची हे ओळखायची सगळ्यात सोपी रीत. कण्यावर क्रमांक आहे का बघा. १९८३ च्या 'टाइम-फ्लाइट'ला ७४ क्रमांक दिला आणि मागच्या ७३ पुस्तकांना इंग्रजी अक्षरक्रमाने आकडे लावले. म्हणजे ते आकडे प्रकाशनाचा क्रम सांगत नाहीतच. आणि १९७४ च्या पुस्तकाच्या कण्यावर आकडा दिसला तर ती प्रत १९८३ नंतरचं पुनर्मुद्रण, विकणारा काहीही म्हणो.

ही पुस्तकं जपण्याचं खरं कारण वेगळं आहे. बीबीसीने साठच्या दशकातल्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. जवळजवळ शंभर भागांचं चित्र गेलं. त्यांचे आवाज चाहत्यांच्या ध्वनिमुद्रणांतून उरले, आणि गोष्ट उरली ती या पुस्तकांत.

ग्वाल्हेरकर

सगळे 'सिनेमावरून पुस्तक' आणि 'पुस्तकावरून सिनेमा' यांची सरमिसळ करतील, म्हणून आत्ताच सांगतो. ज्युरासिक पार्क टाय-इन नाही. कादंबरी १९९०, सिनेमा १९९३. मुखपृष्ठावर सिनेमाची जाहिरात छापली म्हणून ती पटकथेवरून लिहिली असं होत नाही. ब्लेड रनरही तसंच. १९८२ मध्ये त्या नावाने जे आलं ते फिलिप डिक यांचं १९६८ चंच पुस्तक, नवं कव्हर घालून. सिनेमाच्या पटकथेवरून नवं लिहा असं सुचवलं होतं, त्यांनी नाही म्हटलं.

तपासायचं कसं: आतल्या नावाच्या पानावर 'अमुक यांच्या पटकथेवर आधारित' ही ओळ असेल तर टाय-इन, नसेल तर मूळ कादंबरी. दुसरं, कॉपीराइटचं वर्ष. सिनेमाच्या चार-पाच वर्षं आधीचं असेल तर विषय संपला. तिसरं, कॉपीराइट कोणाच्या नावावर. टाय-इनमध्ये तो बहुतेक वेळा चित्रपट कंपनीचा असतो, लेखकाचा नसतो.

सर्किट_सुदामा

ग्वाल्हेरकर साहेब, मग टोटल रिकॉलचं काय करणार? डिक यांची लघुकथा १९६६ ची, तिच्यावरून पटकथा, पटकथेवरून पिअर्स अँथनी यांची कादंबरी १९८९ मध्ये, आणि सिनेमा १९९० मध्ये. पुस्तक सिनेमाआधी आलं तरी टाय-इनच. तुमची वर्षाची कसोटी इथे लंगडी पडते.

ग्वाल्हेरकर

म्हणूनच 'चार-पाच वर्षं' म्हटलं, एक नव्हे. आणि पटकथेची ओळ पहिली कसोटी आहे, वर्ष दुसरी.

तिसरं_प्रूफ

या गोंधळाचं मूळ उदाहरण 'फॅन्टॅस्टिक व्हॉयेज'. पटकथा हॅरी क्लाइनर यांची, तिच्यावरून पुस्तक आयझॅक असिमोव यांचं. पुस्तक मार्च १९६६ मध्ये बाजारात, सिनेमा ऑगस्टमध्ये. नाव असिमोवचं आणि पुस्तक आधी, त्यामुळे आजही लोक सिनेमा पुस्तकावरून केला असं सांगतात.

त्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे असिमोव यांनी पटकथेचं भोक बुजवलं. माणसं आणि पाणबुडी सूक्ष्म करून रुग्णाच्या शरीरात सोडलेली, आणि साठ मिनिटांनी सगळं मूळ आकाराला येणार हा कथेचा नियम. सिनेमात माणसं डोळ्यातून बाहेर पडतात आणि पाणबुडी पांढऱ्या पेशीच्या पोटात आतच राहते. पेशीने गिळली म्हणून तिचं वस्तुमान कुठे जाणार? रुग्णाच्या डोक्यात ती फुगलीच पाहिजे. पुस्तकात पात्रं त्या पेशीला आपल्या मागे ओढत अवशेषांसकट बाहेर आणतात. ज्याला शेवट असा आठवतो त्याने पुस्तक वाचलंय, ज्याला तसा आठवत नाही त्याने दूरदर्शनवर किंवा व्हिडिओवर सिनेमा बघितलाय.

'२००१: अ स्पेस ऑडिसी'ला मात्र या साच्यात बसवू नका. लेखक आर्थर क्लार्क आणि दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांनी पटकथा आणि कादंबरी एकत्रच रचली. सिनेमा एप्रिल १९६८, पुस्तक काही महिन्यांनी. पुस्तकातलं यान शनीकडे जातं, सिनेमातलं गुरूपाशी थांबतं, कारण शनीची कडी पडद्यावर पटण्यासारखी जमेनात. पुढच्या पुस्तकात क्लार्क यांनी सिनेमातला गुरू धरला, तेव्हा मालिका सलग वाचणाऱ्याला ग्रह बदललेला सापडतो. छापखान्याची चूक नाही ती.

ई.टी. (विल्यम कॉट्झविंकल, १९८२) मध्येही अशी एक खूण आहे. सिनेमात त्याला ज्या गोळ्यांनी घरात आणतात त्या रीसेस पीसेस, पुस्तकात एम अँड एम.

रामबाग_रॅक

वा. आता स्टार वॉर्सच्या पहिल्या छपाईचं लिहितो, कारण भाव सगळ्यात जास्त तिथेच फुगवतात.

खरी पहिली म्हणजे बॅलंटाइनची पेपरबॅक. कॉपीराइटच्या पानावर 'पहिली आवृत्ती: डिसेंबर १९७६' अशी ओळ, किंमत दीड डॉलर, मुखपृष्ठावर राल्फ मॅकक्वारी यांचं चित्र. सिनेमा मे १९७७ चा, म्हणजे पुस्तक सहा महिने आधी. आत सिनेमाची रंगीत छायाचित्रं असतील तर ती प्रत १९७७ ची किंवा नंतरची. 'डेल रे' हे नाव दिसलं तरीही नंतरची, कारण बॅलंटाइनचा तो विभागच १९७७ मध्ये सुरू झाला.

पुठ्ठा बांधणीची प्रत दिसली तर ती बहुतेक बुक क्लबची (सभासदांसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती). तिच्यात १८३ व्या पानावर, शिवणीकडच्या बाजूला, 'एस २७' असा बारीक संकेत असेल तर बुक क्लबची पहिली छपाई. अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे आठवडा. स्वस्त कागद, आतल्या घडीवर किंमत नाही.

१०-९-८ अशी आकड्यांची ओळ असलेल्या पुस्तकांत सगळ्यात लहान आकडा म्हणजे मुद्रण. ओळ उलटसुलट असली तरी लहान आकडाच बघायचा.

सर्किट_सुदामा

मुद्रणाचा मजकुरावरही परिणाम होतो. पॉकेटच्या स्टार ट्रेकचा क्रमांक २४, 'किलिंग टाइम' (१९८५). चुकून न सुधारलेला मजकूर छापला गेला, प्रती परत मागवल्या आणि दुरुस्त करून पुन्हा छापलं. पहिल्या छपाईत मुखपृष्ठावरची नावाची अक्षरं उठावदार आहेत, दुसरीत सपाट. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं.

वाचनालय_कोपरा

प्रश्न. माझ्या प्रतीचा कॉपीराइटच्या पानाचा कोपरा ओलीने गेलाय. एसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे) आकडे दिसतात, पण मधला एक पुसट आहे. तीन-चार-पाच, मग दोन-सहा, मग एक काहीतरी, मग सहा-एक, शेवटी नऊ. शोधू कसं?

तिसरं_प्रूफ

ताई, आकडा काढता येतो. शेवटचा अंक तपासणीसाठीच असतो. जुना नऊ आकडी एसबीएन असेल तर पुढे शून्य लावा, दहा आकडे होतील. पहिल्याला १० ने गुणा, दुसऱ्याला ९ ने, असं करत शेवटच्याला १ ने. बेरजेला ११ ने पूर्ण भाग गेला पाहिजे.

तुमचा: ०, ३, ४, ५, २, ६, क्ष, ६, १, ९. गुणाकार: ०, २७, ३२, ३५, १२, ३०, (४ गुणिले क्ष), १८, २, ९. क्ष सोडून बेरीज १६५. १६५ म्हणजे ११ पंधरे, भाग आधीच गेला. म्हणजे ४ गुणिले क्ष हेही ११ च्या पटीत हवं, आणि एका अंकात तसा एकच: शून्य. आकडा ३४५-२६०६१-९. ताई, ही रामबाग भाऊंनी वर सांगितलेली बॅलंटाइनची स्टार वॉर्स आहे. पुढे १५० असं छापलेलं असेल तर तो किमतीचा भाग, दीड डॉलर.

लक्षात ठेवा, एक पुसट अंक असेल तरच हे जमतं. दोन गेले तर अनेक उत्तरं येतात. शेवटी इंग्रजी 'एक्स' असेल तर तो दहा धरायचा. आणि बारकोडखाली ९७८ दिसलं म्हणून पुस्तक २००७ नंतरचं समजू नका. तेरा आकडी आयएसबीएन २००७ पासून, पण बारकोडात ९७८ त्याच्या पुष्कळ आधीपासून आहे.

वाचनालय_कोपरा

आभार! डिसेंबर १९७६ ची ओळ त्याच ओल्या कोपऱ्यात होती बहुतेक. रंगीत पानं नाहीत आणि 'डेल रे' कुठेच नाही. पण आता पानं सुटायला लागली आहेत, आणि कसर लागल्यासारखी बारीक खरवड दिसते. बाइंडरकडे टाकू?

जिल्दवाला

थांबा, बाइंडरकडे टाकू नका. पेपरबॅक दिली की साधारण कारागीर तिन्ही कडा कापतो, कणा तासतो, वर रेक्झिन चढवतो आणि मूळ मुखपृष्ठ फेकतो. वाचायला मजबूत, पण आवृत्तीची ओळख गेली.

आधी कसर, मग गोंद. उलटं केलं तर ताज्या खळीवर कसर आणखी खूश.

पुस्तक झिपच्या जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा, त्यावर दुसरी पिशवी. डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्याचा भरवसा नाही, बर्फ जमतो म्हणजे तापमान तेवढं उतरतंच असं नाही. थर्मामीटर ठेवून बघा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण एक दिवस बाहेर ठेवा. लगेच उघडली तर थंड कागदावर खोलीतली वाफ धरते आणि बुरशीला आमंत्रण. पुस्तक ओलसर असेल तर आधी पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, पानं थोडी उघडी ठेवून वाळवा. कडक उन्हात नको. असा कागद आधीच पिवळा असतो, त्यात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, ऊन लागलं की आणखी जळतो.

आता सुटं पान. पानाच्या आतल्या कडेला जुन्या गोंदाचे कडक तुकडे असतील ते नखाने किंवा बोथट सुरीने काढा. पांढरा पीव्हीए गोंद, आम्लविरहित मिळाला तर उत्तम, बारीक ब्रशने कडेला दोन मिलिमीटर, जास्त नाही. जास्त लावला की शेजारचं पानही धरतं आणि पुस्तक उघडताना तिथेच फाटतं. पान जागेवर आत ढकला; बाकीच्या पानांच्या बाहेर अर्धा मिलिमीटरही आलं तर पुढे घडी पडून मळतं. दोन्ही बाजूंना बटर पेपर, पुस्तक बंद, वर दोन-तीन किलोचं वजन, रात्रभर.

अख्खा गठ्ठाच सुटला असेल तर पद्धत वेगळी. मुखपृष्ठ अख्खं बाजूला, पानं सरळ ठोकून दोन फळ्यांत धरा, कणा बाहेर. जुना गोंद बारीक पॉलिश पेपरने घासा, तंतू उघडे झाले पाहिजेत. मग पत्त्यांच्या कॅटसारखी पानं एका बाजूला वाकवा, गोंद फिरवा, दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा. त्यामुळे प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर गोंद जातो. नुसता कण्यावर थापला तर पहिल्याच वाचनात पुन्हा पानं गळतात. वर मलमलीची पट्टी, कण्याच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जास्त. सुकायला चोवीस तास. मग मूळ मुखपृष्ठ फक्त कण्यावर चिकटवा.

सेलोटेप कुठेही नको. चिकट भाग पिवळा होऊन कागदात उतरतो आणि पट्टी मात्र गळून पडते.

कसर_नको

जिल्दवाले काका, खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालायची जुनी रीत अजून काही जण सांगतात. कीड लागत नाही खरी, पण तांबं कागदाच्या ऱ्हासाला वेग देतं. जुन्या जिल्दींवर शिवणीजवळ हिरवट-तपकिरी पट्टा दिसतो तो त्याचाच संशय घेण्यासारखा. टाय-इनचा कागद आधीच हलक्या दर्जाचा, त्याला हे नको.

डांबराच्या गोळ्याही नको. त्यांची वाफ बंद कपाटात प्लॅस्टिकच्या आवरणांवर बसते, वास जात नाही, आणि माणसालाही चांगली नाही. कडुनिंबाचा पाला घालायचाच तर पूर्ण वाळलेला घाला. ओला पाला म्हणजे कपाटात पाणी नेऊन ठेवणं.

इंदूरपुरतं सांगायचं तर इथे पुस्तकाला दोन वेगळे शत्रू आहेत. जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दमट हवा, आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार कोरडी. सिलिका जेल पावसाळ्यात ठेवावं: चाळीस-पन्नास लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात साधारण पाव किलो, कापडी पुरचुंडीत, पुस्तकाला न टेकवता. रंग बदलला की १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. मात्र पावसाळा संपला की काढून ठेवा. मे महिन्यात तेच जेल डब्यात राहिलं तर कण्यावरचा गोंद इतका कोरडा होतो की पुस्तक उघडताच कट्‌कन आवाज येतो आणि मधोमध दोन भाग. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली की बस. साधा डिजिटल मापक डब्यात टाकून ठेवा.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर मोकळं ठेवा, सगळ्यात खालचा खण जमिनीपासून उंच. वाळवी नेहमी मागून येते आणि समोरून पुस्तक शाबूत दिसत राहतं.

निळी_पोलीसपेटी

मुखपृष्ठावरच्या रुपयांच्या चिकटपट्टीबद्दल कोणी बोललं नाही. लायटरच्या द्रवाने ती सुटते, कापसाच्या बोळ्याने, खिडक्या उघड्या ठेवून, ज्वाळेपासून लांब, आधी मागच्या कोपऱ्यावर चाचणी करून. पण मी काढत नाही आणि काढू नका असं सांगेन. पौंडाच्या छापील किमतीवर इथल्या दुकानदाराने लावलेला रुपयांतला भाव म्हणजे ही प्रत त्या काळात इथे विकली गेल्याचा पुरावा. वाचनालयाचा शिक्का, आत चिकटवलेली देवघेवीची पट्टी, तेही तसंच. परदेशी संग्राहक याला डाग म्हणतात. म्हणोत.

ग्वाल्हेरकर

इथे सहमत. फक्त एक भर घाला: मुखपृष्ठ मुळातच नसलेल्या अमेरिकन प्रती. तिकडे न खपलेल्या स्वस्त पेपरबॅकचं फक्त मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे परत पाठवत आणि पैसे वळते करून घेत. उरलेलं पुस्तक लगद्याला जायला हवं, पण काही बाजारात फिरत राहिली. मुखपृष्ठ वापराने निघालं की फाडलं हे कण्यावरून कळतं. वापराने निघालेलं असेल तर गोंदाचा गुळगुळीत थर उरतो. फाडलेलं असेल तर कण्यावर छापील कागदाचे तुकडे चिकटलेले असतात. अशी प्रत वाचायला घ्या, संग्रहाच्या भावाने नको.

वाचनालय_कोपरा

माझ्या प्रतीला मुखपृष्ठ आहे, मॅकक्वारींचंच चित्र, मागे पट्टी पण आहे, रुपयांतली. राहू देते. सुटी पानं दोनच आहेत, पहिलं आणि १८३ वं. बटर पेपर आणि पीव्हीए आणलाय, फ्रीजरचं तापमान आज रात्री मोजते.

जिल्दवाला

आधी १८३ वं करा, ते आतलं आहे, दोन्ही बाजूंनी आधार मिळेल. पहिलं पान दुसऱ्या दिवशी. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला गोंद लागू देऊ नका, तिथे चिकटलं तर मुखपृष्ठच ओढलं जातं. आणि हे सगळं फ्रीजरनंतर.